आईने ग्लू गन कशी निवडली
– इयत्ता ४ थीची एक विद्यार्थिनी

आमच्या घरात गरम होणाऱ्या चार वस्तू आहेत. पहिली चूल. दुसरा गॅस, पण तो जास्त करून पाहुणे आले की पेटतो. तिसरी इस्तरी, तिची वायर दोनदा बदलली आहे. चौथी वस्तू यंदा आषाढात आली. तिचे नाव ग्लू गन. आजी तिला गोंदाचं पिस्तूल म्हणते. तिच्याविषयीच मी लिहिणार आहे. ती कशी पाहून घ्यावी हे आमच्या गल्लीत कोणालाच माहीत नव्हते. आता मला थोडे थोडे माहीत झाले आहे.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्याकरिता सांगते. ती दिसायला पिस्तुलासारखीच असते, पण मागून तिच्यात गोंदाची पांढरी कांडी घालतात. कांडी मेणबत्तीसारखी दिसते, पण मेणाची नसते. ती एका प्रकारच्या प्लॅस्टिकची असते. गुरुजींनी त्याचे नाव फळ्यावर लिहून दिले, इथिलीन व्हिनाइल ॲसिटेट. मी ते तीनदा लिहून पाठ केले. पिन लावली की आतली नळी तापते, कांडी वितळते आणि खालचा घोडा दाबला की टोकातून गरम गोंद येतो. हा गोंद वाळावा लागत नाही. नुसता थंड झाला की झाले. एका मिनिटात पक्का!

आता ही आम्हाला कशाला पाहिजे होती ते सांगते. माझी आई बचत गटात आहे. पावसाळ्यात ती दिवसा सोयाबीनच्या निंदणाला जाते आणि संध्याकाळी राख्या करते. वाशीमचा एक दुकानदार एका राखीचे ६ रुपये देतो. गेल्या वर्षी आई बाटलीतल्या पांढऱ्या गोंदाने मोती चिकटवत होती. पण आमच्याकडे झड लागली की आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत, तिथे गोंद काय वाळणार! राख्या सुपात मांडून चुलीजवळ ठेवल्या तरी दुसऱ्या दिवशी मोती बोटाने सरकायचे. आईने २०० राख्या नेल्या, त्यातल्या ६० परत आल्या. मोती गळतात म्हणून. त्या दिवशी आई जेवली नाही. मी आणि माझ्या चुलतबहिणींनी मग त्याच राख्या सगळ्या भावांना बांधल्या. मामाच्या पोराला तर दोन-दोन बांधल्या. तरी पत्र्याच्या पेटीत अजून पुष्कळ उरल्या आहेत.

यंदा दुकानदाराने ३०० राख्या सांगितल्या. पण पुन्हा मोती गळाले तर पुढच्या साली माल घेणार नाही, असेही सांगितले. आईने गटातून १,००० रुपये कर्ज घेतले. साटीनची फीत, मोती, खडे, फोम आणि रेशमी दोरा यांना ५५० रुपये लागले. उरले ४५०. तेवढ्यातच ग्लू गन आणि कांड्या बसवायच्या होत्या. बाबा म्हणाले, "पाहून घेजो बापा. कर्जाचे पैसे हायेत."

आमच्या गल्लीत मांडवाची सजावट करणारा एक दादा राहतो. त्याच्याकडे १०० वॅटची मोठी गन आहे. त्याने ती एका संध्याकाळपुरती दिली. आम्हाला फार आनंद झाला. तीन मिनिटांत ती तापली आणि गोंद पाण्यासारखा पातळ येऊ लागला. आईने पहिला थेंब फितीवर टाकला. फीत अशी आखडली की जणू तिला थंडी वाजली! साटीनची फीत रेशमाची नसते, तीही प्लॅस्टिकच्याच धाग्याची असते, म्हणून ती उष्णतेने गोळा होते. फोमच्या गोलाला खड्डा पडला. मोत्याची चकाकी उडाली आणि तो उकडलेल्या साबुदाण्यासारखा दिसू लागला. त्या दादाला मात्र तीच गन चांगली लागते. तो लाकडाच्या पट्ट्या आणि जाड पुठ्ठे चिकटवतो. लाकडाला काही होत नाही. फितीला होते.

आई म्हणाली, "ही आपल्या कामाची नाही. हिचा जाळ लय हाय."

पण जाळ मोजायचा कसा? याच्यात मोठा घोटाळा होता. सगळे जण वॅट, वॅट करत होते. माझ्या आत्याचा मुलगा वाशीमला आयटीआयमध्ये वीजकाम शिकतो. तो रविवारी आला होता. आईने त्याला विचारले, "वॅट म्हणजे किती गरम, असंच ना?" तो म्हणाला, "नाही मामी. वॅट म्हणजे किती गरम ते नाही. गरमी किती जोरानं येते ते."

आईला समजले नाही. मलाही नाही. मग तो चुलीकडे पाहून म्हणाला, "हे पाहा. तव्याखाली एकच काडी जळत असली तरी तवा हळूहळू तापते, एक भाकर निघते. पण दुसरी, तिसरी थापून टाकली की तवा गार पडते. भाकर कच्ची राहते. काड्या जास्त असल्या तर तवा लवकर सावरते. वॅट म्हणजे त्या काड्या. अन् तवा किती तापू द्यायचा, ते वेगळं."

आता आईला एकदम समजले! भाकरीचे उदाहरण दिले की आमच्या आईला काहीही समजते. ती म्हणाली, "म्हणजे दोन गोष्टी पाह्याच्या. एक, किती तापते. दुसरी, घोडा दाबत राह्यलं तर किती वेळ टिकते."

दादाने हेही सांगितले की काही गन कमी उष्णतेच्या असतात, सुमारे १२० अंशांच्या, आणि काही जास्त उष्णतेच्या, सुमारे १९० अंशांच्या. काहींना बटण असते, त्यांत दोन्ही करता येते. पाणी १०० अंशांवर उकळते हे आपल्याला माहीतच आहे. म्हणजे कमी उष्णतेची गनसुद्धा उकळत्या पाण्यापेक्षा गरमच! हे ऐकून आजीने माझ्या लहान भावाला मांडीवर ओढून घेतले. तो चार वर्षांचा आहे आणि प्रत्येक वस्तूला हात लावतो.

बाजाराच्या दिवशी मी आणि आई एस.टी.ने वाशीमला गेलो. दोघींचेही अर्धे तिकीट. आईने पिशवीत फितीचे तुकडे, चार मोती, एक फोमचा गोल आणि बाबांचे घड्याळ घेतले होते. घड्याळ कशाला ते मला दुकानात गेल्यावर कळले.

दुकानदार भाऊंनी लगेच मोठी गन काढली. म्हणाले, "ताई, हीच न्या. १०० वॅट. जितके वॅट जास्त, तितका माल चांगला." किंमत ४२० रुपये. आई म्हणाली, "भाऊ, ही मी पाह्यली. फीत जळते." मग त्यांनी २० वॅटची लहान गन काढली, १६० रुपयांची. डब्यावर सगळे इंग्रजी होते. मी आकडे वाचून दाखवले. डब्यावर कागद, कापड, लाकूड, थर्माकोल यांची चित्रे होती. थर्माकोलच्या सजावटीवर तर महाराष्ट्रात २०१८ सालीच बंदी आली आहे, हे गुरुजींनी मागे गणेशोत्सवाच्या वेळी सांगितले होते. तरी डब्यावर चित्र आहेच. आई म्हणाली, "डब्यावर काहीबी छापते. लावून दाखवा."

भाऊ थोडे कुरकुरले. पण दुकानात गर्दी नव्हती, म्हणून त्यांनी पिन लावली. आईने घड्याळ पाहिले. ५ मिनिटे लागली. फितीवर थेंब टाकला. फीत आखडली नाही. मोती बसवला, मनात वीस अंक मोजले आणि ओढला. निघाला नाही. फोमलाही काही झाले नाही. मला वाटले झाले, आता घ्यायची. पण आई लागोपाठ थेंब काढत बसली. दहा-बारा थेंब बरे आले. मग घोडा जड झाला आणि गोंद तारेसारखा ओढला जाऊ लागला. तीच ती गार तव्याची गोष्ट! आईने हात थांबवला. दीड मिनिटाने पुन्हा नीट आला.

आई विचारात पडली. ३०० राख्या, एका राखीला तीन थेंब, म्हणजे ९०० थेंब. मधे मधे थांबत बसायचे तर कसे होईल? बटणवाली गन हवी होती, तर ती त्या दुकानात नव्हती. भाऊ म्हणाले, मागवावी लागेल, आठ दिवस लागतील. आठ दिवस आमच्यापाशी नव्हते.

मी दुकानाच्या पायरीवर उभी राहून रस्त्याकडे पाहत होते. मला वाटले आता आई रिकाम्या हातानेच परत निघणार. इतक्यात आई म्हणाली, "भाऊ, लहान्या दोन द्या."

भाऊ हसले. पण आईचे गणित बरोबर होते, ते मी एस.टी.त बसून वहीवर केले. दोन लहान गनचे ३२० रुपये. २० कांड्यांचे, ५ रुपयाला एक याप्रमाणे, १०० रुपये. एकूण ४२०. म्हणजे एका मोठ्या गनच्याच किमतीत दोन गन आणि कांड्याही आल्या! एक गन थकली की ती फरशीवर ठेवायची आणि दुसरी घ्यायची, तोवर पहिली पुन्हा तापते. आणि काकू मदतीला आली तर दोघींच्या हातात एकेक. एक बिघडली तरी काम बंद पडत नाही. कांडी घेताना मात्र जाडी पाहावी लागते. लहान गनला ७ मिलिमीटरची कांडी लागते, मोठीला ११ मिलिमीटरची. आमच्या मागून आलेल्या एका माणसाने न पाहताच जाड कांड्या घेतल्या होत्या, तो त्या परत करायला आला होता. भाऊ त्या परत घेत नव्हते. पुढे काय झाले ते माहीत नाही, आमची गाडी लागली होती.

घरी रोज संध्याकाळी सात ते अकरा काम चाले. मी मोती निवडून देत असे आणि झालेल्या राख्या मोजून दहा-दहाच्या ओळीत मांडत असे. आमच्या गावात रात्री लाइन कमी येते. पंखा इतका हळू फिरतो की त्याची पाती मोजता येतात. मला भीती वाटली की आता गन तापणारच नाही. त्या रात्री तापायला ५ ऐवजी ८ मिनिटे लागली. पण एकदा तापल्यावर गोंद रोजच्यासारखाच आला. हे कसे काय, म्हणून मी गुरुजींना विचारले.

गुरुजींनी शाळेच्या कपाटातली एक बिघडलेली गन आणली आणि पेचकसाने उघडून आम्हा सगळ्यांना दाखवली. (तिची पिन आधीच कापलेली होती. कोणी घरी चालू गन उघडू नये.) आत एक धातूची नळी होती आणि तिला चिकटून नखाएवढी करड्या रंगाची वडी. गुरुजी म्हणाले, ही वडी बेरियम टायटॅनेट नावाच्या पदार्थाची असते, कपबशीसारखी भाजून केलेली. तिचा गुण असा की थंड असताना ती विजेला जाऊ देते आणि ठरावीक तापली की स्वतःच विजेला अडवते. म्हणून ती एका मर्यादेच्या पुढे तापत नाही. थोडी थंड झाली की पुन्हा वीज घेते. लाइन कमी असली तर तिला तिथे पोचायला वेळ लागतो इतकेच. वडी ज्या मर्यादेची बनवली असेल तीच त्या गनची उष्णता. म्हणून लहान गन तासभर लावून ठेवली तरी मोठीसारखी गरम होणार नाही. निवडायचे ते दुकानातच निवडावे लागते. मला ही वडी फार हुशार वाटली.

विजेचा हिशेबही गुरुजींनी करून घेतला. १,००० वॅट एक तास चालले की एक युनिट. आमच्या दोन गन मिळून ४० वॅट. १२ दिवस, रोज ४ तास, म्हणजे ४८ तास. ४० गुणिले ४८ म्हणजे १,९२०. दोन युनिटांपेक्षाही कमी! मी हे बाबांना सांगितले तेव्हा त्यांची काळजी गेली. त्यांना वाटत होते की बिल दुप्पट येईल.

एकदा काकूच्या बोटावर थेंब पडला. गरम पाणी पडले तर ओघळून जाते, पण हा गोंद चिकटून बसतो आणि भाजतच राहतो. काकू ओरडली, "अवं माय!" आई रोज शेजारी पाण्याचे पातेले ठेवते, त्यात तिने लगेच काकूचा हात घातला. आजी टूथपेस्ट आणायला निघाली होती. पण आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरबाईंनी मागेच सांगून ठेवले होते की भाजल्यावर टूथपेस्ट लावू नये, २० मिनिटे साध्या पाण्याखाली धरावे आणि चिकटलेला गोंद ओढू नये, नाहीतर कातडी निघते. काकूला एवढासाच फोड आला. १९० अंशांची असती तर काय झाले असते कोण जाणे. त्या दिवसापासून माझ्या भावाला काम चालू असताना आजी पडवीत गोष्ट सांगत बसते. पिन काढल्यावरही गनचे टोक बराच वेळ गरमच असते, म्हणून ती पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात जात नाही.

आजीला मात्र या सगळ्याचे काही नवल वाटत नाही. ती म्हणते, आमच्या वेळी लाख होती. पळसाच्या आणि बोरीच्या झाडावर एक बारीक किडा राहतो, त्याच्यापासून लाख मिळते. आजीच्या सोन्याच्या पोकळ मण्यांत लाखच भरलेली आहे. तिने लहानपणी सोनाराला ती निखाऱ्यावर मऊ करताना पाहिले आहे. लाख उकळत्या पाण्यापेक्षाही कमी उष्णतेत मऊ होते, पण घाई करून जास्त तापवली तर फसफसते आणि मग कामाची राहत नाही. पांडवांचे लाक्षागृह लाखेचे होते, ते किती भराभरा पेटले ते आपण गोष्टीत ऐकलेच आहे. सोनार फुंकणीने हळूहळू फुंकत असे, असे आजी सांगते. त्याच्यापाशी घड्याळ नव्हते आणि वॅटही नव्हते.

आमच्या गनमध्ये एक कमीपणा आहे, तोही लिहिते. कमी उष्णतेवर वितळणारा गोंद कडक उन्हात थोडा मऊ पडतो. झड उघडली तेव्हा आईने मुद्दाम तीन राख्या दुपारी पत्र्यावर ठेवून पाहिल्या. पत्र्याला हात लावता येत नव्हता. मोती निघाले नाहीत, पण बोटाने फिरले. सावलीत आणल्यावर पुन्हा घट्ट झाले. म्हणून आईने दुकानदाराला सांगून ठेवले, "भाऊ, राख्या दुकानाच्या बाहेर उन्हात टांगू नका." आणि दुसरे म्हणजे लोखंड-पितळेला हा गोंद धरत नाही. तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाला मी घुंगरू चिकटवायला सांगितले होते. आईने दोनदा लावले, दोनदा निघाले. घुंगरू थंड असते, ते थेंबाची गरमी ओढून घेते आणि गोंद पकडण्याआधीच गार होतो. शेवटी आईने घुंगरू सुई-दोऱ्याने झुलीवर शिवले. झूल मात्र गनने चिकटवली आहे.

राख्या न्यायच्या दिवशी मी पण गेले होते. दुकानदाराने सगळ्या मोजल्या आणि मधूनमधून एकेक उचलून मोती ओढून पाहिला. मी त्यांच्या बोटांकडेच पाहत होते. आईने पदर घट्ट धरला होता. एकही मोती निघाला नाही. तीन राख्या त्यांनी बाजूला काढल्या, पण त्या दोऱ्याची गाठ सैल होती म्हणून. २९७ राख्यांचे १,७८२ रुपये झाले. आईने तिथेच दोनदा मोजले. १,००० रुपये आणि वरचे व्याज गटात भरले. उरलेल्यातून मला आणि भावाला एकेक वही आणि रंगपेटी आणली, बाकीचे आईकडे आहेत.

दोन्ही गन आता बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, वरच्या फळीवर असतात. काकूने दिवाळीची तोरणे करायला घेतली आहेत, तेव्हा एक तिच्याकडे जाईल. गुरुजींनी आमच्या वर्गाच्या पुठ्ठ्याच्या किल्ल्यासाठी एक मागितली आहे. आई म्हणाली, नेऊ दे, पण कांड्या वर्गाच्या आणि गन गुरुजींच्याच हातात. ७ मिलिमीटरच्याच कांड्या आणा बरं का, जाड आणू नका.